सोळा विरुद्ध दहा : ब्लॅकजॅकचे गणित

उन्हाळ्यात भारतातून पाहुणे आले की ओटावात त्यांची ठरलेली फेरी होते: पार्लमेंट, रिडो कालवा, बायवर्ड मार्केट. मग कोणीतरी हळूच विचारतो, "नदीपलीकडे कॅसिनो आहे म्हणे?" आहे. पूल ओलांडून क्वेबेकमधल्या गॅटिनोत शिरलात की 1996 साली उघडलेला लॅक-लेमी कॅसिनो लागतो. तो लोटो-क्वेबेक या प्रांतिक सरकारच्या मालकीच्या कंपनीचा आहे, म्हणजे तुम्ही तिथे हरलेले डॉलर शेवटी सरकारी तिजोरीकडे जातात. (क्वेबेकमध्ये वयाची अट 18, नदीच्या अलीकडे ओंटारिओत 19.) तिथल्या खेळांपैकी ब्लॅकजॅक विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सर्वांत रंजक वाटावा, कारण त्यात तुमच्या निर्णयाने तोटा खरोखर कमीजास्त होतो आणि प्रत्येक निर्णयाचे बरोबर उत्तर गणिताने काढता येते.

खेळ झब्बूपेक्षा सोपा आहे. राजा, राणी, गुलाम प्रत्येकी 10, एक्का 1 किंवा 11, बाकीचे पत्ते जेवढे अंक तेवढे. 21 च्या जितके जवळ जाल तितके चांगले, वर गेलात की बाद. तुम्हाला दोन पत्ते मिळतात आणि डीलरचा एक पत्ता उघडा दिसतो. डीलरला डोके चालवायची परवानगी नाही: 16 किंवा कमी असेल तर त्याने पत्ता घ्यायचाच, 17 झाले की थांबायचे. पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहा आले तर तो ब्लॅकजॅक. त्यावर तुम्हाला दीडपट मिळते, म्हणजे 10 डॉलरवर 15.

मग कॅसिनो कमावतो कुठे? समजा, तुम्ही हुबेहूब डीलरसारखेच खेळलात. डीलर साधारण 28 टक्के वेळा बाद होतो, म्हणजे तुम्हीही तितक्याच वेळा बाद व्हाल. दोघेही बाद होण्याची शक्यता 0.28 गुणिले 0.28, सुमारे 8 टक्के. या 8 टक्क्यांत बरोबरी व्हायला हवी. पण तुम्ही आधी खेळता, बाद होताच तुमचे पैसे उचलले जातात आणि नंतर डीलर बाद झाला काय, न झाला काय, तुम्हाला फरक पडत नाही. कॅसिनोचा सगळा फायदा या एका क्रमातून येतो. ब्लॅकजॅकवरची दीडपट त्यातले सव्वादोन टक्के परत देते, उरतात साडेपाच टक्के.

हा तोटा कमी करायचा तर तुम्हाला असलेले आणि डीलरला नसलेले स्वातंत्र्य वापरायला हवे: कधी थांबायचे, कधी पैज दुप्पट करायची, कधी जोडी फोडायची. याचे पहिले नीट गणित कोणा जुगाऱ्याने केले नाही. मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीन येथील लष्करी तळावर नोकरी करणाऱ्या बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्रांवर ते केले आणि 1956 साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापले. पुढे संगणक आले, आकडे बारीक झाले, पण त्यांचा तक्ता जवळपास तसाच टिकला. आज त्याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात.

पद्धत अशी: आधी डीलरचा प्रत्येक उघडा पत्ता धरून तो शेवटी कुठे पोचतो हे काढायचे. पंजी किंवा छक्की दिसत असेल तर तो सुमारे 42 टक्के वेळा बाद होतो, सत्तीवर 26 टक्के, दश्शीवर जेमतेम 21. नंतर तुमच्या प्रत्येक बेरजेला "थांबलो तर सरासरी किती, घेतला तर किती" हे ताडून पाहायचे.

आता ज्या हाताला लोक सर्वांत घाबरतात तो घेऊ. तुमचे 16, डीलरचा 10. पत्ता घेतला तर तेरापैकी आठ प्रकारचे पत्ते (छक्कीपासून राजापर्यंत) तुम्हाला बाद करतात, म्हणजे 62 टक्के. म्हणून हात आखडतो. पण 16 वर थांबलात तर तुम्ही फक्त डीलर बाद झाला तरच जिंकता, आणि तो बहुतेक वेळा होत नाही. 10 डॉलरच्या पैजेवर दोन्ही मार्गांनी सरासरी तोटा सुमारे 5 डॉलर 40 सेंट येतो, पत्ता घेण्यात एक सेंटाहूनही कमी बचत आहे. सरेंडरची सोय असेल, म्हणजे अर्धी पैज सोडून डाव टाकता येत असेल, तर तीच करा: पाचावर सुटका. तक्त्याचे हेच काम आहे. वाईट हात तो चांगला करत नाही, वाईट पर्यायांतला कमी वाईट कोणता ते सांगतो.

12 विरुद्ध दुर्री हे उदाहरण जास्त शिकवते. दुर्री कमजोर दिसते म्हणून बहुतेक जण थांबतात. थांबण्यात 10 डॉलरवर सरासरी 2.93 जातात, पत्ता घेण्यात 2.53. तुम्हाला बाद करणारे तेरापैकी चारच प्रकारचे पत्ते आहेत. डीलरचा पत्ता चार, पाच किंवा सहा असेल तेव्हा मात्र 12 वरच थांबा.

11 असेल आणि डीलरची छक्की, तर बेधडक डबल करा: अशा मोजक्याच हातांत पारडे तुमच्या बाजूला झुकते आणि तिथे कंजूषपणा महाग पडतो. एक्का-छक्कीवर कधीच थांबू नका, एक पत्ता घेऊन तुम्ही बाद होऊच शकत नाही. आणि डीलरचा एक्का दिसल्यावर तो गोड आवाजात "इन्शुरन्स?" विचारेल तेव्हा तेरापर्यंत मोजा: चार प्रकारचे पत्ते तुम्हाला दुप्पट देतात, म्हणजे आठ, नऊ प्रकारचे एकेक नेतात. तेरा डॉलरमागे एक गेला. विमा कंपन्याही इतका कमिशन घेताना लाजतील.

टेबलाचे नियम आधी वाचा, कारण तक्ता नियमांबरोबर बदलतो. काही टेबलांवर डीलर आपला दुसरा पत्ता तुमचा डाव संपल्यावरच घेतो. त्याला ब्लॅकजॅक लागला तर तुमची वाढवलेली पैजही जाते. अशा ठिकाणी डीलरच्या दश्शीसमोर 11 डबल करायचे नाही आणि आठाची जोडी फोडायची नाही, जी एरवी फोडायची असते. सर्वांत महाग नियम छोट्या अक्षरांत असतो: "ब्लॅकजॅकला 6 ला 5". 10 डॉलरवर 15 ऐवजी 12. ब्लॅकजॅक साधारण 21 हातांत एकदा येतो, म्हणून हे तीन डॉलर कॅसिनोच्या फायद्यात जवळजवळ दीड टक्का भर घालतात. चांगल्या नियमांवर तक्त्याप्रमाणे खेळणाऱ्याचा तोटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. हा एक नियम तो जवळपास चौपट करतो. अशा टेबलावर बसू नका.

अर्धा टक्का म्हणजे किती? तासाला 60 हात, प्रत्येकी 15 डॉलर: 900 डॉलर फिरले, सरासरी साडेचार गेले. तुमचे पाहुणे मनाला येईल तसे खेळून दोन टक्के हरतात असे धरू: अठरा. पण नशिबाचे चढउतार त्याच तासात सहज 130 डॉलर वर किंवा खाली नेतात. त्या गोंगाटात साडेचार आणि अठरा यांतला फरक एका संध्याकाळी दिसणारच नाही. अंदाधुंद खेळणारा जिंकून घरी येईल आणि तक्ता पाठ केलेला हरून, आणि दोघांनाही आपली पद्धत सिद्ध झाल्यासारखे वाटेल. ऑनलाइन खेळात तर हात फार वेगाने वाटले जातात, तासाच्या जागी मिनिटे येतात आणि सरासरी आपले काम लवकर उरकते.

साडेचारसुद्धा उणेच आहेत, हे विसरू नका. एडवर्ड थॉर्प यांनी 1962 च्या पुस्तकात गेलेले पत्ते लक्षात ठेवून बाजी उलटवता येते हे दाखवले, पण आता बऱ्याच टेबलांवर सतत पत्ते पिसणारी यंत्रे असतात आणि तिथे लक्षात ठेवण्याजोगे काही उरत नाही.

शिकायचे असेल तर घरातला रमीचा कॅट काढा आणि पैशांऐवजी शेंगदाणे लावा. एक पत्ता डीलरचा म्हणून उघडा ठेवा, स्वतःला दोन वाटा, निर्णय मोठ्याने बोला आणि मग तक्ता बघा. आधी 12 ते 16 च्या बेरजा, कारण चुका तिथेच होतात, मग 9, 10, 11, मग एक्क्याचे हात, शेवटी जोड्या. लागोपाठ शंभर हात न चुकता जमेपर्यंत नदी ओलांडायची घाई नाही.