बंद दाराआडची आग

न्यूयॉर्क शहराच्या एका टोकाला, समुद्राकाठी, फार रॉकअवे नावाची वस्ती आहे. १९१८ साली जन्मलेला रिचर्ड फाइनमन हा मुलगा तेथे लहानाचा मोठा झाला. अकरा-बारा वर्षांचा असतानाच त्याने आपल्या घरी एक छोटी प्रयोगशाळा थाटली. फळ्या ठोकलेले लाकडी खोके, एक बॅटरी, काही दिवे आणि तारा, एवढाच तिचा सरंजाम. मुलगा मोठा कल्पक होता. खोलीचे दार कोणी उघडले, की घंटा वाजावी, अशीही युक्ती त्याने एकदा केली होती.

मोटारीतील एक कॉइल त्याच्या हाती लागली होती. तिच्यातून विजेच्या ठिणग्या पडत. एके दिवशी त्या ठिणग्यांनी कागदाला भोके पाडण्याचा त्याचा खेळ चालला असता कागदाने पेट घेतला. ज्वाला बोटांपर्यंत येताच त्याने तो कागद जवळच्या टोपलीत टाकला. टोपली पत्र्याची होती खरी, परंतु तीत वर्तमानपत्रांची रद्दी भरलेली होती. ती भडकली.

बाहेरच्या दालनात आई मैत्रिणींसह पत्ते खेळत बसली होती. एक हाक मारली असती, तर सगळ्याजणी धावून आल्या असत्या. परंतु रिचर्डने हाक मारली नाही. आपला उपद्व्याप आईला कळू नये, म्हणून त्याने खोलीचे दार लावून घेतले!

मग एक मासिक उचलून त्याने टोपलीवर झाकले. हवा तुटली, की आग विझते. त्याप्रमाणे ज्वाला शमल्या. परंतु मासिक काढताच खोलीत धूर कोंदू लागला. टोपली हात लावता येणार नाही इतकी तापली होती. ती पकडीत धरून त्याने खिडकीबाहेर काढली. बाहेर वारा वाहत होता. निपचित पडलेल्या निखाऱ्यांना जणू कोणी फुंकर घातली आणि आग पुन्हा भडकली! झाकण्याचे मासिक तर आत राहिलेले. नाइलाजाने त्याने जळती टोपली आत ओढली, आणि तेव्हा कोठे त्याचे लक्ष खिडकीच्या पडद्यांकडे गेले. पडद्याने पेट घेतला असता, तर खोली, घर आणि बाहेर निश्चिंत बसलेली आई, सर्वच संकटात सापडले असते.

सुदैवाने पडदे वाचले. मासिक झाकून त्याने आग पुन्हा विझवली आणि उरलेले निखारे दोन-तीन मजल्यांखालच्या रस्त्यावर झटकून टाकले. खालून कोणी जात असते तर? नंतर दार ओढून घेऊन तो बाहेर आला, खेळायला जातो असे आईला सांगून निघून गेला. धूर खिडक्यांतून हळूहळू विरला.

हाच मुलगा पुढे थोर भौतिकशास्त्रज्ञ झाला. १९६५ साली नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्यांची गणना झाली. ही फजिती त्यांनी उतारवयात स्वतःच मोकळेपणाने सांगितली.

२८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अमेरिकेचे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. सात अंतराळवीर प्राणांस मुकले. चौकशी समितीत फाइनमन होते. रॉकेटच्या सांध्यातील रबरी कड्यांना पूर्वीच्या उड्डाणांत झळ लागल्याचे आढळले होते. थंडीत उड्डाण नको, असे अभियंत्यांनी आदल्या रात्रीच बजावले होते. परंतु तो इशारा बाजूस सारला गेला. फाइनमन यांनी भर सभेत त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि थंडीत त्याची लवचिकता कशी हरपते, हे सर्वांना दाखवून दिले. जे वेळीच उघड व्हावयास हवे होते, ते सात जीव गेल्यावर उघड झाले.

कोंबडे झाकले, म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही. जिज्ञासेने प्रयोग करणे हा अपराध नव्हे, आणि हातून चूक होणे हेही नवल नव्हे. रिचर्डची पहिली चूक एका कागदाएवढी होती. दार लावून घेतल्यामुळे ती घराएवढी होण्याची वेळ आली. आईचे रागावणे घटकाभराचे असते. घर मात्र एकदा जळाले, की परत येत नाही.

स्वाध्याय

१. मासिक झाकताच आग का विझली? खिडकीबाहेर ती पुन्हा का भडकली?
२. रिचर्डने दार लावले नसते, तर पुढील प्रसंग कसा घडला असता, ते आठ-दहा ओळींत लिहा.
३. ‘कोंबडे झाकले, म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही’ ही म्हण या पाठास कशी लागू पडते?