सोमवारची छाती

माझ्या दवाखान्याच्या जुन्या दप्तरात एका गिरणीकामगाराचा केसपेपर अद्याप ठेवलेला आहे. त्यावर दम्याची औषधे माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेली आहेत, आणि ती वाचताना मला आजही ओशाळवाणे होते. हे गृहस्थ बारा वर्षे सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यात होते. पाळी सुटताच ते परस्पर दवाखान्यात येत, तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापसाचा पांढरा तंतू चिकटलेला असे, आणि छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे वाटते, ही त्यांची एकच तक्रार असे. क्ष-किरण चित्र निर्दोष निघाले, क्षयाची शंका फिटली, तेव्हा मी दम्याचा इलाज सुरू केला. वर्षभराने केसपेपर चाळताना सहज तारखा दिनदर्शिकेशी ताडून पाहिल्या, तो त्यांच्या सात भेटींपैकी सहा सोमवारी संध्याकाळी झालेल्या!

रविवारी विश्रांती घेतलेल्या माणसाला सोमवारीच धाप लागावी, ही गोष्ट वरवर पाहता इतकी विपरीत वाटते, की अनेक ठिकाणी तिचा दोष सुट्टीच्या चैनीवर किंवा कामचुकारपणावर टाकला जातो. परंतु बिसिनोसिस नावाच्या व्याधीचे हेच तर लक्षण होय. कापूस, अंबाडी वा जवस यांच्या धुळीत वनस्पतीचे सूक्ष्म अवशेष आणि जंतूंपासून निघालेली विषद्रव्ये असतात. त्यांच्यामुळे श्वासनलिका आकुंचन पावतात, रोजच्या संपर्काने शरीर त्यांना काहीसे सरावते, आणि सुट्टीत हा सराव मोडला, की पहिल्याच पाळीला, काम सुरू झाल्यावर काही तासांनी, छाती पुन्हा आवळते. याउलट, कामाच्या जागी जडणारा नेहमीचा दमा बहुधा आठवडाभर वाढत जातो व सुट्टीत उतरतो. रिचर्ड शिलिंग या इंग्रज वैद्याने १९५० नंतरच्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांत संशोधन करून या व्याधीच्या पायऱ्या ठरविल्या, त्या सोमवारांवरूनच : प्रथम एखाद्या सोमवारी, मग प्रत्येक सोमवारी, पुढे इतर दिवशीही, आणि अखेर फुप्फुसांची कायमची हानी. वाचकांनी ध्यानात ठेवावे ते हे, की पहिल्या पायऱ्यांवरून माघार घेता येते, शेवटच्या पायरीवरून नाही.

व्यवसायजन्य रोगांच्या शास्त्राचा आद्य आचार्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने कामकऱ्यांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० साली इटलीतील मोदेना येथे प्रसिद्ध केला, आणि त्यात अंबाडी व जवस पिंजणाऱ्यांच्या खोकल्याचे व धापेचे वर्णन केले. या विषयाकडे त्याचे लक्ष वळले ते असे : त्याच्या घरी मैलाकूप उपसणारा एक मजूर अतिशय घाईने काम करताना त्याला दिसला. कारण विचारता, तेथे चार तासांहून अधिक थांबले तर डोळे जातात, असे त्या मजुराने सांगितले. हिप्पोक्रेटिसने रोग्याला जे प्रश्न विचारावयास सांगितले होते, त्यांत रामाझ्झिनीने एकाची भर घातली : तुमचा धंदा कोणता? तीनशे वर्षांनंतरही आम्ही डॉक्टर गर्दीच्या वेळी हाच प्रश्न विसरतो. म्हणून कामगार वाचकांना माझी विनंती आहे, की तो न विचारता तुम्हीच त्याचे उत्तर द्यावे. ‘गिरणीत आहे’ एवढ्याने भागत नाही. खाते कोणते, वर्षे किती, धूळ कशाची, हा तपशील सांगावा.

छाती आवळत असल्यास महिनाभर एक वही ठेवावी, आणि तीत सुट्टीचा दिवस, पाळीची वेळ व त्रास सुरू झाल्याचा तास नोंदवावा. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीपूर्वी व पाळीनंतर, श्वासाची स्पायरोमेट्री ही तपासणी करून घ्यावी. क्ष-किरण चित्र या रोगाविषयी मुके असते. विडी सोडावी, कारण धूर आणि धूळ मिळून फुप्फुसांचा नाश लवकर करतात. चालू औषधे मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि बसल्या जागी धाप लागल्यास सोमवारची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे. तोंडाला बांधलेल्या रुमालावर विसंबू नये. धूळ यंत्रापाशीच शोषून घेतली जाणे आणि झाडूऐवजी शोषकयंत्राने जमीन स्वच्छ होणे, हाच खरा उपाय, व ती जबाबदारी मालकाची आहे. ज्या व्यवसायजन्य रोगांची खबर सरकारास देणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यांच्या यादीत बिसिनोसिस आहे. कामगार राज्य विम्याच्या व्यवसायजन्य रोगांतही तो मोडतो. तेव्हा निदानाचा लेखी दाखला मागण्यात संकोच कसला?

त्या गृहस्थांना पुढे खाते बदलून मिळाले, आणि सोमवार इतर वारांसारखा झाला. परंतु चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरील घरी जाताना दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून थांबणे काही सुटले नाही. त्या थांबण्यातील निदान एक वर्ष माझ्या खात्यावर जमा आहे.