एआय एजंट आणि ब्राउझरची तपासणी-साधने : माहिती कशी लिहावी?



संगणकाच्या प्रोग्रॅममधील दोष शोधून काढण्याच्या कामास ‘डीबगिंग’ म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड मार्क-२ या संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तेथील कर्मचाऱ्यांनी तो नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ, रिलेचा क्रमांक व पॅनेल लिहून ठेवले. ‘बग’ हा शब्द त्यापूर्वीही वापरात होता. परंतु त्या नोंदीतला गुण लक्षात घेण्याजोगा आहे. काय घडले, कोठे घडले आणि केव्हा घडले, हे तिच्यात थोडक्यात आले आहे. प्रस्तुत लेखात आपण याच गुणाचा आजच्या संदर्भात विचार करू.

साधने कोणती?

क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये ‘डेव्हटूल्स’ नावाचा साधनसंच असतो. त्यातील ‘कन्सोल’मध्ये पानावरील चुकांचे संदेश दिसतात. ‘नेटवर्क’मध्ये पानाने सर्व्हरकडे केलेल्या विनंत्या व त्यांची उत्तरे दिसतात. ‘परफॉर्मन्स’मध्ये पान कोठे रेंगाळते ते कळते. आजवर ही साधने माणूस डोळ्यांनी पाहून वापरीत असे. आता हे काम एआय एजंटही करू लागले आहेत.

एजंट म्हटले की आपल्याला विम्याचा एजंट आठवतो. येथे एजंट म्हणजे सांगितलेले काम पायरीपायरीने पार पाडणारा, त्यासाठी स्वतः साधने निवडणारा प्रोग्रॅम होय. अशा प्रोग्रॅमला बाहेरची साधने जोडण्याची ‘एमसीपी’ ही पद्धत अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलने क्रोम डेव्हटूल्ससाठी तसा सर्व्हर चाचणीसाठी खुला केला.

माहितीचे महत्त्व का?

या पद्धतीत एजंटला प्रत्येक साधनाच्या तीन गोष्टी मुख्यतः मिळतात : नाव, वर्णन आणि कोणती माहिती भरावयाची त्याचा नमुना. नवखा कर्मचारी शेजारच्या टेबलावर विचारू शकतो. एजंटला तशी सोय क्वचितच असते. वर्णनात जे नाही ते तो अंदाजाने भरतो. म्हणून येथे वर्णन हेच साधनाचे हँडल होय.

समजा, एखाद्या साधनाचे वर्णन ‘नेटवर्क पाहते’ एवढेच आहे. त्यावरून काहीच बोध होत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘निवडलेल्या पानाने ते शेवटचे उघडल्यापासून केलेल्या विनंत्यांची यादी देते. उत्तराचा पूर्ण मजकूर देत नाही. त्यासाठी विनंतीचा क्रमांक घेऊन दुसरे साधन वापरावे.’ यात काय मिळते, काय मिळत नाही आणि पुढे कोठे जावे, ही तिन्ही उत्तरे आली.

एक उदाहरण

एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, फोटो जोडते आणि ‘सादर करा’ हे बटण दाबते. पान ढिम्म हलत नाही. शेवटची तारीख उद्याची आहे. एजंटला दोष शोधण्यास सांगितले. साधनांची माहिती अपुरी असेल, तर तो बटणाचाच कोड बदलून ‘दुरुस्ती झाली’ असे सांगून मोकळा होईल.

माहिती स्पष्ट असेल, तर क्रम असा राहील :

१) पानाचा ‘स्नॅपशॉट’ घेणे. हे चित्र नसून पानावरील घटकांची मजकुरी यादी असते व प्रत्येक घटकाला ओळखक्रमांक असतो. पान बदलले की जुन्या क्रमांकावर विसंबू नये, नवा स्नॅपशॉट घ्यावा, ही सूचना लिहिलेली असलीच पाहिजे.

२) फोटो जोडून बटण दाबणे आणि कन्सोलमधील संदेश वाचणे.

३) नेटवर्कची यादी पाहणे. तेथे ४१३ हा क्रमांक दिसतो. त्याचा अर्थ, पाठवलेला मजकूर सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठा आहे.

म्हणजे बटण निर्दोष होते. फोटो मोठा होता आणि पान ते सांगत नव्हते. फोटोची मर्यादा पानावर लिहिणे व नकार आल्यास तो स्पष्ट शब्दांत दाखवणे, ही खरी दुरुस्ती. ती केल्यावर तीच कृती पुन्हा करून पाहावी.

सावधगिरी

ज्या ब्राउझरला एजंट जोडला, त्यातील मजकूर तो वाचू शकतो आणि बदलूही शकतो. गुगलने आपल्या सर्व्हरच्या माहितीतच खाजगी माहिती उघड न करण्याचा इशारा दिला आहे. २०२५ मधील क्रोम १३६ पासून नेहमीच्या प्रोफाइलवर दूरस्थ डीबगिंगचा पोर्ट केवळ कमांड-लाइनच्या स्विचने उघडता येत नाही. त्या स्विचसोबत वेगळे फोल्डर द्यावे लागते. कारण त्या मार्गाने लॉग-इनच्या कुकीज चोरल्या जात होत्या. यास्तव कोणते साधन केवळ वाचते आणि कोणते बदल करते, हे वर्णनात निःसंदिग्ध असावे. तद्वतच पानावर लिहिलेला मजकूर ही तपासण्याची वस्तू आहे, मालकाची आज्ञा नव्हे, हेही बजावून सांगावे. कारण पानात फसव्या सूचना पेरलेल्या असू शकतात.

समारोप

आमच्या मते चांगल्या माहितीच्या कसोट्या चार : साधन काय करते, केव्हा वापरावे, काय करीत नाही आणि चूक झाल्यास पुढे काय करावे. या कसोट्यांना उतरणारी माहिती एजंटइतकीच नवशिक्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडते. आपल्यापैकी जे संगणकाचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी आपल्या प्रकल्पातील एखाद्या साधनाचे असे वर्णन लिहून पाहावे व ते साधन न पाहिलेल्या मित्राकडून वापरून घ्यावे. तो जेथे अडेल, तेथे आपले वाक्य दुरुस्त करावयाचे आहे असे समजावे.