शेक संपल्यानंतरचा खोकला

छातीवरचा रेडिएशनचा शेवटचा शेक झाला की माणसाला वाटतं, सुटलो. मलाही तसंच वाटलं. स्तनाची शस्त्रक्रिया, केमो, आणि काखेतल्या गाठींमुळे हासळीच्या हाडाभोवतीही किरणं, एवढं सगळं पार पडलं होतं. पुढचे दोनेक महिने बरे गेले. मग कोरडा खोकला लागला. कफ नाही, पण संध्याकाळी कणकण यायची आणि जिना चढताना मध्येच थांबावं लागायचं.

गावातल्या डॉक्टरांनी आधी अँटिबायोटिक दिलं, मग एक्स-रे काढला. फुप्फुसाच्या वरच्या टोकाला पांढरा डाग दिसला आणि टीबीची औषधं सुरू करायची बोलणी झाली. कशीबशी काढलेली थुंकी तपासली, तिच्यात जंतू सापडेनात. दम मात्र वाढत चालला. शेवटी धाकट्या जावेनं हट्टच धरला की ज्यांनी शेक दिला त्यांना एकदा दाखवायचं. त्यांनी सीटी स्कॅन काढला आणि माझ्या शेकाच्या आराखड्याशेजारी ठेवला. डाग नेमका किरणांच्या वाटेवर होता, त्याची कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ. याला रेडिएशन न्यूमोनायटिस म्हणतात. यात जंतू नसतात, किरणांमुळे फुप्फुसाला सूज आलेली असते.

गावातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. टीबीही बहुतेकदा वरच्या टोकालाच बसतो, आणि आपल्याकडे खोकला, ताप आणि डाग एकत्र दिसले की आधी त्याचाच संशय येतो. म्हणूनच हे कळकळीनं सांगते. कुठल्याही डॉक्टरांसमोर बसलात की पहिलं वाक्य हेच असू द्या: मला छातीवर शेक मिळालाय, अमुक महिन्यात, अमुक बाजूला, इतके ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप). उपचार संपताना मिळणाऱ्या कागदावर हे सगळं लिहिलेलं असतं. त्याचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या एकाच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा.

हा त्रास शेक चालू असताना क्वचितच होतो, म्हणून तर फसगत होते. वायुकोशांच्या आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशींना इजा आधीच झालेली असते, सूज मात्र शेक संपल्यावर साधारण १ ते ६ महिन्यांत वर येते. तेवढ्या काळात नवा खोकला किंवा धाप आली तर ‘हवा बदललीय’ म्हणून सोडून देऊ नका. एकाएकी दम लागला, छातीत कळ आली किंवा थुंकीतून रक्त पडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कॅन्सरच्या पेशंटच्या फुप्फुसात रक्ताची गुठळीही अडकू शकते.

मला प्रेडनिसोलोन सुरू केलं आणि थोड्याच दिवसांत श्वास मोकळा झाला. इथेच बरेच जण गोळ्या बंद करतात. हे स्टेरॉइड आहे, ते डॉक्टर सांगतील तसं कित्येक आठवडे हळूहळू उतरवायचं असतं, नाहीतर सूज पुन्हा उसळते. मधुमेह असेल तर या काळात साखर वरचेवर तपासावी लागते. आणि स्टेरॉइडमुळे लपलेला टीबी डोकं वर काढू शकतो, त्यामुळे थुंकीची ती तपासणी वाया गेली असं मी मानत नाही.

ज्यांचा शेक अजून व्हायचाय, त्यांच्या हातात जास्त आहे. दम्याचा, जुन्या टीबीचा किंवा फुप्फुस आकसण्याचा आजार असेल तर आराखड्याच्या सीटीआधीच सांगा. माझ्या फुप्फुसाच्या किती भागाला २० ग्रे किंवा त्याहून जास्त जाणार, हे बेलाशक विचारा. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हा वाटा साधारण ३० ते ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. स्तनाच्या शेकात तो सहसा बराच कमी राहतो. डाव्या स्तनाला शेक असेल तर श्वास रोखून शेक घेण्याची सोय आहे का, तेही विचारा. छाती फुगली की हृदय किरणांपासून लांब सरकतं. त्यासाठी श्वास वीसेक सेकंद धरावा लागतो, सराव घरी करता येतो. विडी-सिगारेट बंद, आणि चुलीपुढे बसणंही दुसऱ्या कुणाकडे द्या. फ्लू आणि न्यूमोनियाची लस कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

माझ्या एक्स-रेवर तो डाग आता व्रण होऊन राहिलाय, तो जाणार नाही. त्यामुळे जुन्या सीटीची सीडी रद्दीत टाकू नका. पुढे कुणी तोच डाग बघून टीबी किंवा कॅन्सर उलटला म्हणालं, तर शेजारी ठेवून ताडून बघायला तीच लागते.