विजेचा हिशेब : दाब, प्रवाह, रोध आणि शक्ती

भायखळा आणि करी रोड यांच्या दरम्यान असलेल्या चिंचपोकळी स्थानकातून मध्य रेल्वेच्या उपनगरी गाड्या पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत ये-जा करीत असतात. या गाड्यांना वीज पुरविणाऱ्या तारेचा दाब अनेक दशके १,५०० व्होल्ट होता. आज तो २५,००० व्होल्ट आहे. भारतातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्यास गेली, ती १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. मुंबईतील मुख्य मार्ग जून २०१५ मध्ये आणि हार्बर मार्ग एप्रिल २०१६ मध्ये २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर आला. दाब सोळा पटींहून अधिक का वाढविण्यात आला, याचे उत्तर शाळेत शिकविल्या जाणाऱ्या दोन सूत्रांत आहे. घरातील तारा, उत्सवाचा मंडप आणि गावातील पंप यांनाही तीच सूत्रे लागू पडतात.

दोन सूत्रे

नळातील पाण्याप्रमाणे विजेलाही वाहण्यासाठी दाब लागतो. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि प्रवाहास होणारा विरोध, म्हणजे रोध, ओहममध्ये मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये या तिघांचा संबंध प्रसिद्ध केला.

रोध = दाब ÷ प्रवाह
शक्ती = दाब × प्रवाह

शक्तीचे एकक वॅट होय. समजा, एक इस्त्री २३० व्होल्ट दाबावर ४.६ अँपिअर प्रवाह घेते. तिचा रोध २३० ÷ ४.६ = ५० ओहम, आणि शक्ती २३० × ४.६ = १,०५८ वॅट. एक हजार वॅट एक तास वापरले की एक युनिट होते. म्हणून ही इस्त्री अर्धा तास चालविल्यास अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक वीज खर्च होईल.

आता गावात दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला असे धरू. रोध तोच राहिल्यास प्रवाह ३.६ अँपिअर आणि शक्ती ६४८ वॅट होईल. दाब सुमारे बावीस टक्क्यांनी घटला, पण उष्णता सुमारे एकोणचाळीस टक्क्यांनी घटली. पंपाच्या मोटारीस मात्र हा साधा हिशेब लावता येत नाही. दाब उतरला तरी पाणी उपसण्याचे काम तेवढेच राहते. त्यामुळे मोटार उलट अधिक प्रवाह ओढते, तापते आणि वेटोळे जळण्याचा धोका निर्माण होतो.

तारेत वाया जाणारी शक्ती

तारेलाही थोडा रोध असतो. तिच्यात उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

उदाहरणादाखल, एका गाडीस ३० लाख वॅट शक्ती हवी आहे आणि मार्गातील तारेचा रोध ०.०५ ओहम आहे असे मानू. १,५०० व्होल्टवर प्रवाह २,००० अँपिअर लागेल आणि तारेत दोन लाख वॅट वाया जातील. २५,००० व्होल्टवर १२० अँपिअर पुरतील आणि केवळ ७२० वॅट वाया जातील. प्रत्यक्षात प्रत्यावर्ती प्रवाहाच्या गणितात इतरही घटक येतात. तरी दाब वाढविण्यामागील मुख्य कारण हेच होय. प्रवाह कमी झाल्याने तार कमी जाडीची चालते आणि वीज उपकेंद्रे एकमेकांपासून अधिक अंतरावर ठेवता येतात.

मंडप आणि सैल जोड

चिंचपोकळी सार्वजनिक उत्सव मंडळाची स्थापना १९२० सालची. लालबाग-परळच्या या परिसरात गणेशोत्सवात जागोजागी तात्पुरती रोषणाई होते. अशा कोणत्याही मंडपासाठी ओढलेल्या लांब तारेचा जाता-येता एकूण रोध ०.५ ओहम असेल आणि दिव्यांसाठी २० अँपिअर प्रवाह लागत असेल, तर तारेत २०० वॅट उष्णता निर्माण होईल. आयत्या वेळी दिवे वाढवून प्रवाह ४० अँपिअर झाला, तर ती ८०० वॅट होईल. तार बारीक असेल किंवा गुंडाळून ठेवलेली असेल, तर तिचे वेष्टण वितळून आग लागू शकते.

सैल जोड याहून फसवा असतो. वरील इस्त्रीच्या मार्गात एक ओहम रोधाचा सैल जोड असल्यास त्या टिचभर जागेत सुमारे २० वॅट उष्णता साठते. इस्त्री नेहमीसारखीच तापत असल्याने दोष लक्षात येत नाही. वितळतारही वितळत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसतो. म्हणून गरम लागणारा प्लग किंवा काळवंडलेला जोड दिसताच वापर थांबविला पाहिजे.

शाळेत आणि ग्रामपंचायतीत

शिक्षकांनी हा पाठ दोन सेल आणि विजेरीचा दिवा घेऊन शिकवावा. तीन व्होल्टवर ०.३ अँपिअर प्रवाह मिळाल्यास पेटलेल्या दिव्याचा रोध १० ओहम आणि शक्ती ०.९ वॅट ठरते. घरातील विजेवर विद्यार्थ्यांना मोजमाप करू देऊ नये. उपकरणांवरील पट्टीवर छापलेले आकडे गणितासाठी पुरेसे आहेत.

ग्रामपंचायतीने सभागृह, पाणीयोजना किंवा जत्रेसाठी जोडणी घेताना सर्व उपकरणांच्या वॅटची बेरीज करून तिला दाबाने भागावे. येणारा आकडा प्रवाहाचा ढोबळ अंदाज देतो. मोटारी असल्यास तो अधिक धरावा लागतो. तेवढा प्रवाह तार पेलते किंवा नाही, हे परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. पाच मिनिटांच्या या भागाकाराने एखादा मंडप, एखादी मोटार आणि प्रसंगी माणसाचा जीवही वाचू शकतो.