ओव्हरएक्सपोजर म्हणजे काय? आधी उधारीची वही उघडा

कालच्या व्हिडिओत मी ‘ओव्हरएक्सपोजर’ हा शब्द दोन-तीनदा वापरला, पण अर्थ नीट सांगायचा राहिला.

फोटोत जास्त उजेड गेला की चेहरा पांढराफटक पडतो, ते ओव्हरएक्सपोजर. जाहिरातीत तीच ऑफर रोज दिसली की गिऱ्हाईक कंटाळतं, त्यालाही हाच शब्द. पण आपल्याला घाम फोडणारा अर्थ तिसराच आहे. एका पार्टीकडे अडकलेली आपली रक्कम म्हणजे एक्सपोजर. ती इतकी वाढली, की तो बुडाला तर आपणही बुडू, म्हणजे ओव्हरएक्सपोजर.

माझंच सांगतो. माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान. एक केटरर लग्नसराईत रोज माल न्यायचा. माणूस गोड, ऑर्डर मोठी, मी खूश. वहीत आकडा ३ लाख ८० हजारांवर गेला, तेव्हा माझं स्वतःचं भांडवल होतं ६ लाख. म्हणजे जवळपास ६३ टक्के एकाच नावावर! त्याचं पेमेंट थांबलं आणि ऐन दिवाळीत होलसेलरने मला माल देणं बंद केलं. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून दुकान चालवलं. (BBA मध्ये हा चॅप्टर होता. परीक्षेत मार्कही मिळाले होते!)

मोठेही यात फसतात. २०१९ मध्ये पीएमसी बँकेचं काय झालं आठवतं ना? बहुतेक कर्ज एकाच बिल्डर समूहाकडे, आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मर्यादा ठरवली: एका कर्जदाराला टियर-१ भांडवलाच्या १५ टक्के, एका समूहाला २५ टक्के.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. टक्केवारी भांडवलावर काढायची, एकूण उधारीवर किंवा विक्रीवर नाही. माल, रोख आणि येणी यांची बेरीज करा, त्यातून देणी वजा करा, ते तुमचं भांडवल. बुडीत रक्कम शेवटी त्यातूनच जाते. आणि दोन भाऊ वेगळ्या नावाने माल नेत असतील, पण गल्ला एकच असेल, तर ते एकच खातं धरा.

मी आता २० टक्क्यांवर थांबतो. ‘गिऱ्हाईक तुटेल’ ही भीती मलाही वाटायची. मी एवढंच म्हणतो, ‘शेठ, आधीचं निम्मं क्लिअर करा, लगेच गाडी भरतो.’ दोघं तुटले. त्यातला एक पुढच्या महिन्यात रोख घेऊन परत आला.