दगडांची साक्ष

परभणी जिल्ह्यातील जिंतूरहून उत्तरेकडे गेले, की बुलढाणा जिल्ह्यात लोणार लागते. तेथे काळ्या खडकात एक प्रचंड वाटोळे विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १८०० मीटर असून तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. हे विवर झाले कसे? भोवतालचा सारा खडक लाव्हारसाचा. तेव्हा हे ज्वालामुखीचेच मुख असावे, असे अनेक विद्वानांना दीर्घकाळ वाटे. इतर म्हणत, येथे आकाशातून अशनी कोसळला असावा. परंतु अशनीचा तुकडा तर कोठे सापडेना! मग वाद मिटावा कसा?

साक्ष दिली ती खडकातील बारीक स्फटिकांनी. मुलांनो, कवायतीला तुम्ही जसे रांगेत उभे राहता, तसे स्फटिकातील अणू रांगेत असतात. अशनी आदळताच खडकातून प्रचंड धक्क्याची लाट जाते आणि या रांगा मोडतात. लोणारच्या खडकातील फेल्डस्पार या खनिजाचे असेच झाले. कणांचा बाह्य आकार तसाच राहिला. आत मात्र त्यांची काच बनली. तिला मास्केलिनाइट म्हणतात. हवेच्या दाबाच्या दोन-तीन लाख पट दाब पडल्याखेरीज ती होत नाही, आणि एवढा दाब ज्वालामुखीच्या अंगी नसतो. १९७३ साली हा पुरावा प्रसिद्ध झाला व लोणारचे विवर अशनीपाताचे ठरले.

सर्वच विवरे काळ्या खडकात नसतात. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या विवरात चुनखडकाचे थर आहेत. आपल्या रानातील चुनखडीत असते ते कॅल्साइट हे खनिज अशा खडकांत आढळते. धक्क्याने त्याचे थर सरकतात व सूक्ष्मदर्शकाखाली समांतर पट्टे दिसतात. परंतु असे पट्टे भूगर्भातील सामान्य दाबानेही उमटतात. म्हणून तेवढ्यावर निकाल देता येत नाही. मग शास्त्रज्ञ त्यावर क्ष-किरण सोडतात. शाबूत स्फटिकावरून परतणारे किरण ठरावीक कोनात बारीक, ठळक रेषा उमटवतात. अणूंच्या रांगा विस्कटल्या असतील, तर त्या रेषा रुंद व फिकट होतात. प्रयोगशाळेत माहीत असलेल्या दाबाचा धक्का देऊन ही रुंदी आधी मोजतात. तिच्याशी ताडून पाहिले, की विवरातील दगडाने किती मार सोसला, याचा अंदाज करता येतो.

रानातला दगड मुकाच असतो. परंतु योग्य प्रश्न विचारणाऱ्याला तो हजारो वर्षांपूर्वीची हकिकत सांगतो.

स्वाध्याय
१. लोणारच्या विवराविषयी कोणती दोन मते होती?
२. केवळ पट्ट्यांवरून निकाल का देता येत नाही?